आहे का जी घरी?

ग्रंथालयात कोणी मोठ्यानं बोललं तर मी चष्म्यावरून बघतो. तेवढं पुरतं. ग्रंथपाल म्हणून माझी सगळी सत्ता त्या एका नजरेत आहे, आणि ती पहिल्यांदा निकामी ठरली ती सरांच्या पहिल्या भेटीत.

गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं दार सताड उघडं होतं. दुपारची वेळ. पंखे कुरकुरत होते आणि चार विद्यार्थी वर्तमानपत्रांवर डोकं ठेवून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. अशात दारातून आवाज आला, "आहे का जी घरीऽऽ?"

आवाज असा की चारही विद्यार्थी एकदम ताठ बसले आणि मागच्या कपाटाची काच थरथरली. दारात एक शिडशिडीत गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पँटच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप, काखेत गुंडाळलेलं वर्तमानपत्र. मी नजर टाकली. काहीही परिणाम झाला नाही. मी हातानं 'या' अशी खूण केली. ते हलले नाहीत.

"तोंडानं म्हणा जी."

"या," मी म्हणालो.

मग ते आत आले, माझ्या टेबलाशी वाकले आणि आत्ताच ज्या आवाजानं इमारत हलवली होती तोच कानात कुजबुजण्याएवढा खाली आणून म्हणाले, "तुमचा पासवर्ड मले पेपरात भेटला."

आदल्या आठवड्यात आमच्या डिजिटल ग्रंथालयाचं उद्घाटन झालं होतं. पाहुण्यांनी एक लाल बटण दाबलं आणि टाळ्या पडल्या. ते बटण कशालाही जोडलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, कारण ते मीच विजेच्या दुकानातून आणून फळीवर बसवलं होतं. पाहुण्यांना काही विचारावं लागू नये म्हणून प्राचार्यांनी पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवायला लावला. पेपरात जो फोटो आला त्यात पुढे शाल, श्रीफळ आणि तीन हसरे चेहरे होते, आणि त्यांच्यामागे, बातमीपेक्षा ठळक, तो कागद.

सरांनी फोटो भिंगातून वाचला होता. "बदलवून टाका. मी कुठी सांगितलं नाही. फोनवर बोलाची गोष्ट नाही म्हणून सायकलनं आलो."

"तुम्ही वापरून नाही पाहिला?" मी विचारलं.

"कायले?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुमच्या घराची किल्ली रस्त्यावर भेटली तर मी तुमच्या घरी जाऊन लावून पाहीन का? आणून देईन ना जी."

प्राचार्यांनी तातडीनं सायबर सुरक्षा समिती नेमली. समितीची एक बैठक झाली, तिच्यात समोसे उत्तम होते. या विषयाचं प्रशिक्षण कोणी घ्यावं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाड चष्मा लावणाऱ्याला संगणक कळतो, अशी आमच्याकडे एक जुनी समजूत आहे. अशा रीतीनं केस पांढरे व्हायच्या वयात मी एथिकल हॅकिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीनं त्याची कुलपं तपासणं, शिकायला गोंदियाजवळच्या कुडव्याला त्याच सरांच्या क्लासात जाऊ लागलो.

गोंदियात या विषयाचा आणखी एक क्लास होता. त्याच्या फलकावर काळ्या हुडीतला, तोंड नसलेला एक माणूस संगणकावर वाकलेला होता आणि नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द होता. तिथली मुलं खरोखरच काळ्या हुडी घालून फिरत. गोंदियाच्या मे महिन्यात हुडी घालणाऱ्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, बुद्धीबद्दल मात्र सांगता येत नाही. सरांच्या क्लासला फलकच नव्हता. कुडव्यात एका बोळात त्यांचं घर, पुढच्या दोन खोल्यांत क्लास. पत्ता विचारला की लोक "ते ओरडणारे सर" म्हणून बोट दाखवत.

फलक का नाही, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "बोर्ड लावला की सगळ्याइले समजते, इथं काय आहे ते. आपण शिकवतो काय आन करतो काय?"

सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या, "माणूस कंजूस आहे जी. तत्त्व मागाहून शोधते."

वहिनींचं हे कायम चाले. सरांच्या प्रत्येक सिद्धांताला स्वयंपाकघरातून एक तळटीप येई.

सर पूर्वी पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. त्याआधी, तरुणपणी, ते हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत. आमच्या भागात पिकं निघाली की गावोगावी रात्रभर नाटकं होतात, आणि मंडपाच्या टोकाला चादर पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोहोचला नाही तर तो म्हातारा तसं उभा राहून सांगतो. सरांचा आवाज त्या शाळेत घडलेला. त्यांना माइकची गरज कधीच लागली नाही, आणि क्लासच्या दोन खोल्यांत तर ती कोणालाच वाटली नाही.

क्लासमधले संगणक म्हणजे निरनिराळ्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले जुने डबे. सरांनी ते आणून, जोडून, त्यांचं एक गाव केलं होतं. प्रत्येकाला घराचं नाव. हे पाटलाचं घर, हे गुरुजींचं, हा दुकानदार. कोपऱ्यात एक फार जुनं यंत्र होतं, त्याचं नाव आजी. स्कॅन करणं म्हणजे या घरांच्या दारांवर टकटक करून कोणतं दार उघडं, कोणतं बंद, आत कोण राहतं याचा अंदाज घेणं. एका संगणकाला अशी पासष्ट हजारांहून जास्त दारं असतात, हे ऐकल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणत्या गवंड्यानं बांधलं हे?" सर इतके खूश झाले की तो प्रश्न पुढे प्रत्येक नव्या बॅचला त्यांनी स्वतःचा म्हणून सांगितला.

आणि नियम असा, की स्कॅन करणाऱ्यानं आधी उभं राहायचं, समोरच्या यंत्राशी बसलेल्याकडे बघून मोठ्यानं "आहे का जी घरी?" म्हणायचं, त्यानं "या" म्हणायचं, आणि मगच एंटर दाबायचं. प्रत्येक वेळी. दोघंही आपल्याच क्लासचे असले तरी. पोरं हसत. मीही हसलो. हजेरीपटावर सह्या करून जन्म काढलेल्या माणसाला असल्या विधींचं कौतुक नसतं. पण सरांच्या विधीत आणि प्राचार्यांच्या विधीत एक फरक होता. सरांचं बटण कशाला तरी जोडलेलं असे.

"परवानगी कागदावर घ्याची, ते तर आहेच," ते म्हणत. "पण कागद देणारा मालक असते. घरात कोण कोण झोपून आहे ते मालकाले तरी कुठी माहीत राहते?"

स्कॅन करण्याच्या हत्याराचं नाव एनमॅप. त्यात वेगाच्या सहा पायऱ्या आहेत, शून्यापासून पाचापर्यंत. ज्यानं ते लिहिलं त्यानं प्रत्येक पायरीला इंग्रजीत नाव दिलं आहे. पाच नंबरच्या पायरीचं नाव 'वेडा' आणि दोन नंबरच्या पायरीचं 'सभ्य'. सभ्यपणाला क्रमांक देणारं लिखाण मी इतक्या पुस्तकांत कुठे पाहिलं नव्हतं. सरांचा क्लास दोन नंबरवर चाले. वेडा वेग वापरून पाहायची मुभा फक्त एकदा, आणि तीही आजीवर. आजी लगेच गारठायची. पडदा थिजायचा, काहीच हलायचं नाही. मग ज्यानं हे केलं त्यानं तिची वायर काढायची, ती बंद करायची, तिच्याजवळ शांत बसायचं, आणि मग चालू करून ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत उठायचं नाही. सर याला 'आजीले उठवणं' म्हणत. मी एकदा तिच्याशेजारी अख्खं मासिक वाचून काढलं.

पण ठोठावणं हा पुढचा धडा. पहिला धडा नुसतं बघण्याचा. कोणाला हात न लावता, काही न विचारता, उघड्यावर काय काय पडलं आहे ते वेचायचं. त्यासाठी पहिलं सावज सर स्वतः. "माह्याबद्दल जे भेटते ते आणा. नवीन आणेल त्याले पेढा."

पोरांनी रक्तदान शिबिराच्या फोटोतून त्यांचा रक्तगट आणला. लग्न जमवणाऱ्या एका संस्थेच्या जुन्या पानावरून त्यांच्या मुलीची पत्रिका आणली, तिच्यात मंगळ होता. पॉलिटेक्निकच्या अर्ध्या बंद पडलेल्या संकेतस्थळावरून त्यांचं जन्मसाल निघालं आणि संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे ते सांगणाऱ्या व्हूइज नावाच्या नोंदीतून त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळामागचा घरचा पत्ता. सर प्रत्येक वेळी आधी पांढरे पडत, मग पेढा देत, आणि मग ते दार झाकायला बसत.

मोठा पेढा मात्र प्रमिलानं मिळवला. प्रमिला चिचगडची. घरी थोडं धान, थोडं जंगलातलं काम. पोरगी गोंदियात खोली करून राहायची आणि बोलायला लागली की समोरच्याला आपण हळू आहोत असं वाटायचं. तिनं कोणत्या तरी नाट्यमंडळाच्या वाढदिवसाच्या पोस्टमधून एक पिवळा पडलेला फोटो आणला. त्यात सर. कोरलेल्या मिशा, डोळ्यांत काजळ, हातात चाबूक, पायाशी एक बाई गयावया करत असलेली.

"हे तुम्ही का जी सर?" प्रमिलानं निरागसपणे विचारलं.

वहिनी बाहेर आल्या, फोटो पाहिला, म्हणाल्या, "हाच फोटो दाखवला असता तर माह्या बापानं लग्न नसतं केलं." आणि प्रमिलाला दोन पेढे दिले.

त्या दिवसापासून प्रमिला सरांची लाडकी झाली. लाड म्हणजे इतरांपेक्षा जास्त बोलणी. तिचं बोट डोक्याच्या एक पाऊल पुढे असे. आवाज देताना तिचा हात एंटरवर तयार. "गाडी सुटून राहिली का वं?" सर खेकसत.

"हो जी. दोन नंबरनं नागपूरले जाचं म्हटलं तर म्हातारी होईन मी."

"म्हातारी हो. पण पोहोच."

नागपूर ती उगीच म्हणत नव्हती. तिथल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. लोकांच्या परवानगीनं त्यांच्या यंत्रणा तपासायच्या, असंच काम. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा बाकी होता. चिचगडच्या त्यांच्या टोल्यातून, म्हणजे वाडीतून, अशा नोकरीला कोणी गेलेलं नव्हतं, आणि तिनं घरी अजून सांगितलंही नव्हतं. समोर बसून सांगायचं होतं.

त्याच सुमारास एका राईस मिलच्या मालकांनी सरांना निरोप धाडला. कुठल्या तरी व्यापाऱ्याचे हिशोब कुलूप लावून ओलीस धरल्याची बातमी त्यांनी वाचली होती. आपलं ऑफिस एकदा तपासून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. सरांनी प्रमिलाला पाठवलं, शेवटची परीक्षा म्हणून, आणि सोबत मला, वजनासाठी.

धानाचा हंगाम होता. मिलच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली होती. शेठजींच्या खुर्चीमागे शेठजींच्याच सत्काराचे फोटो होते. प्रत्येकात शाल वेगळी, हसू तेच. "ऑफिस का सब देख लो बेटा," ते म्हणाले, आणि तसं लिहूनही दिलं. ऑफिसातले दोन संगणक आणि कॅमेऱ्यांचं यंत्र.

तिनं आधी नुसतं बघण्याचं काम केलं, आणि सुरेख केलं. कॅमेऱ्यांचं दार बाहेरच्या सगळ्या जगाला उघडं होतं आणि कुलूप, म्हणजे पासवर्ड, कारखान्यातून जे आलं तेच. कोणीही कुठूनही बसून मिलचं आवार बघू शकत होतं. तिनं मला हळूच दाखवलं. नंतर सगळं एकत्र सांगू, असं ठरलं.

मग तिनं घड्याळ पाहिलं. देवरीवरून चिचगडला जाणारी एसटी गाठायची होती, घरी सांगायचं होतं. एकेका यंत्राचा पत्ता टाकत बसण्याऐवजी तिनं त्या तारेला जोडलेल्या सगळ्याच यंत्रांचे पत्ते एका दमात टाकले. वेग पाच. मी तेव्हा भिंतीवरचं एक सन्मानपत्र वाचत होतो, त्यात शेठजींना 'दानशूर' दोनदा म्हटलं होतं.

ती उभी राहिली. "आहे का जी घरी?"

शेठजी हसले. "हाँ हाँ, आओ."

एंटर.

थोड्या वेळानं बाहेर एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग रांगच वाजू लागली. धरमकाट्याच्या, म्हणजे वजनकाट्याच्या, केबिनमधला माणूस धापा टाकत आला. "काटा बंद पडला! ट्रॅक्टर वर उभा आहे आन आकडाच हालून नाही राहिला!"

प्रमिलाचा चेहरा उतरला. "आजी," ती पुटपुटली.

काट्याचा जुना डबा त्याच तारेला जोडलेला होता. ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. त्याच्या दारांवर तिनं एकाच वेळी हजारो थापा मारल्या होत्या, आणि तो थिजला होता.

शेठजींनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, मग तिच्या लॅपटॉपकडे. "क्या किया तुमने? हैक कर दिया?"

हा शब्द कानावर पडताच ऑफिसातले सगळे उभे राहिले. मुनीमजी म्हणाले की दुसऱ्या मिलवाल्यांनी अशी माणसं पेरल्याचं त्यांनी ऐकलं आहे. शेठजी ओरडले, "थाने में फोन लगाओ! नाम पूछो इसका, पूरा नाम!" मुनीमजींनी पेन उघडलं.

मी परवानगीचा कागद पुढे केला. शेठजींनी तो न वाचता म्हटलं, "इसमें काटा लिखा है?" लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर होतं. पोलिसांत एक तक्रार गेली असती, तर चारित्र्याच्या दाखल्यावर काय उमटलं असतं ते तिला आणि मला दोघांनाही कळत होतं.

मी सरांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "काट्यावर कोण बसते?"

"नाव माहीत नाही."

"हेच तर," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मुनीमजींना चहा मागवायला लावला, पाणी मागवायला लावलं, ठाण्याचा नंबर दोनदा चुकीचा वाचून दाखवला. सायकलवर सर आले. शर्ट ताज्या इस्त्रीचा. पोरीचं आयुष्य टांगलेलं असताना या माणसानं शर्टाला इस्त्री केली होती, हे पाहून मला संताप आला. फाटक उघडं होतं. ते बाहेरच थांबले, क्लिप काढली, आणि हॉर्नच्या वर आवाज चढवला.

"आहे का जी घरीऽऽऽ?"

हॉर्न थांबले. मंडपाच्या टोकाच्या म्हाताऱ्यापर्यंत पोहोचणारा तो आवाज होता. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "जाइए ना अंदर, आप ही के नाम से चिल्ला रहे हैं सब."

"शेठजीइले म्हणू द्या."

मी धावत फाटकाशी गेलो आणि त्यांच्या कानात कॅमेऱ्यांचं सांगितलं. "शेठजींना फक्त एवढं कळू द्या, की आपल्याला काय काय दिसतं. तक्रार आपोआप विरेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फोटोतला चाबूकवाला मी त्या क्षणी प्रत्यक्ष पाहिला. "किल्ली भेटली तर आणून द्याची असते जी," ते म्हणाले. "दाखवून काही मांगाचं नसते."

शेवटी शेठजींना यावं लागलं. उन्हातून, भुशातून, सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या देखत, स्वतःच्या फाटकापर्यंत. त्यांनी दात आवळून म्हटलं, "आइए." पण म्हटलं. आपण दारापर्यंत चालत येऊन ज्याला आत बोलावलं, त्याच्यावर त्याच दमात ओरडणं अवघड असतं. शेठजींनी प्रयत्न केला, आवाज अर्धाच निघाला. "मास्टरजी, ये क्या तमाशा है?"

सर म्हणाले, "तमाशा नाही, चूक आहे. पोरीची आहे. तुम्ही ऑफिसले हो म्हटलं, तिनं काट्याचंही दार वाजवलं. फार जोरानं वाजवलं."

मी डोळे मिटले. आम्हाला वाचवायला आलेल्या माणसानं पहिल्याच वाक्यात आम्हाला बुडवलं होतं.

"आधी काटा उठवतो," सर पुढे म्हणाले. "मंग पोलिसाले बोलवा. मी इथंच बसून आहो. शिकवलं मी, माहं नाव पहिले लिहा."

ते केबिनपाशी गेले आणि काट्याच्या माणसाला विचारलं, "तुमचं नाव काय जी?"

"देवाजी."

सरांनी प्रमिलाकडे नुसतं पाहिलं. ती केबिनच्या दारात उभी राहिली. "आहे का जी घरी, देवाजीकाका?"

"आहे ना बाप्पा. काटा सोडून जाऊ कुठी?" देवाजी वैतागून म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून सरकला. "ये."

तिनं त्या डब्याची जाळ्याची तार काढली. ट्रॅक्टर आधी काट्यावरून खाली उतरवायला सांगितला. वर वजन असताना चालू केला तर शून्यच चुकेल, हे तिला त्या अवस्थेतही सुचलं. मग डबा बंद केला. हात लगेच बटणाकडे गेला, आणि थांबला. ती त्या डब्याजवळ स्टुलावर बसून राहिली, आजीशेजारी बसावं तशी. मग चालू केला. आकडे थरथरले आणि शून्यावर आले. देवाजी स्वतः काट्यावर चढून उभा राहिला, आपलं वजन वाचून "वाढलो जी मी" म्हणाला, तेव्हा कुठे रांगेत कोणी तरी हसलं.

"आता त्याइले सांग," सर म्हणाले.

"काय सांगू सर?"

"जे झालं ते. सगळ्याइले."

ती पहिल्या ट्रॅक्टरपाशी गेली. मग दुसऱ्या. आम्ही सावलीत उभे राहून पाहत होतो. "काका, काटा माह्यामुळं बंद पडला होता. चूक माही होती. आता सुरू झाला."

"काऊन वं, तुले दुसरा कामधंदा नव्हता का?" एकजण म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं, "लवकर होते ना आता? मंग जाऊ दे." एक म्हातारा ऐकून घेतल्यावर म्हणाला, "तू कोण गावची वं?" चिचगड म्हटल्यावर म्हणाला, "मंग आमच्याच इकडची. उन्हात काऊन फिरते? डोक्यावर काही घे." तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेली. ती फाटकाबाहेर, रांगेच्या पार टोकापर्यंत गेली.

मुनीमजी पेन घेऊन उभेच होते. "सेठजी, पूरा नाम लिख लूँ?"

"रुको," शेठजी म्हणाले. ते रांगेकडे पाहत होते. "मेरे यहाँ आज तक किसी ने नहीं कहा कि गलती मेरी है। मशीन की होती है, बारिश की होती है, सरकार की होती है।" मुनीमजींनी पेन बंद केलं, कारण शेठजी आता मुनीमजींकडे पाहत होते. "रहने दो। बच्ची को चाय पिलाओ।"

चहा झाला. कप खाली ठेवल्यावर सर म्हणाले, "आता एक सांगतो, शेठजी. तुमच्या कॅमेऱ्याचं दार उघडं आहे. जगातला कोणीही तुमचं आंगण पाहू शकते. बदलवून घ्या." 

शेठजी चपापले. "ये पहले क्यों नहीं बताया?"

"पहिले सांगितलं असतं तर सौदा झाला असता."

चिचगडची एसटी अर्थातच गेली होती. वहिनींनी प्रमिलाला घरी ठेवून घेतलं. सर तिला त्यावर नंतर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पुढचे काही दिवस तिला आजीपुढे बसवलं, दोन नंबरच्या वेगावर. त्या वेगानं पूर्ण स्कॅनला किती वेळ लागतो, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल. तिनं तक्रार केली नाही. मी सरांना इस्त्रीबद्दल मात्र विचारलंच. ते म्हणाले, "हात कापत होते जी. इस्त्री केली की थांबते."

वहिनी आतून म्हणाल्या, "बाही जाळली, ते सांगा."

दाखला स्वच्छ आला. प्रमिला नागपूरला गेली. ती कंपनीतही काम सुरू करण्याआधी समोरच्या कचेरीत फोन करून, या तारेवर आणखी कोण कोण आहे, म्हातारं यंत्र कोणतं, त्याच्याजवळ कोण बसतं, असं विचारते म्हणे. तिथले लोक हसतात. हसू देत. आमच्या कॉलेजात हल्ली मीही उद्घाटनाच्या आधी मॉनिटरवरून हात फिरवून चिकटवलेला कागद शोधतो.

होळीच्या सुट्टीत मी कुडव्याला सरांकडे बसलो होतो. ते बनियनवर, मी खुर्चीत, आमचं प्राचार्यांच्या नव्या समितीबद्दल बोलणं चाललं होतं. फाटकाशी रिक्षा थांबली. मग आवाज आला, खणखणीत, मंडपाच्या टोकापर्यंत जाईल असा.

"आहे का जी घरीऽऽ?"

सर ताडकन उठले. खुंटीवरचा शर्ट काढला, अंगात घातला, गुंड्या एक सोडून एक लावल्या. मग दाराकडे तोंड करून त्यांनी ओठ उघडले. काहीच निघालं नाही. पुन्हा उघडले. ज्या माणसानं माइकशिवाय गावंच्या गावं जागी ठेवली त्याच्या गळ्यातून हवासुद्धा बाहेर येईना.

वहिनी आतून म्हणाल्या, "पोट्टी उन्हात उभी आहे. ये म्हणा ना!"

सरांनी माझ्याकडे असहायपणे पाहिलं. मी खिडकीतून ओरडलो, "ये वं प्रमिला!"

"तुम्ही नाही जी," बाहेरून उत्तर आलं. "घरवाल्यानं म्हणावं लागते."

फाटकाला कडी नव्हती लागलेली, मला इथून दिसत होतं. तिनं त्याला हात लावला नाही. सर भिंतीकडे वळले, बाहीनं तोंड पुसलं, खाकरले, आणि मग दोन नंबरच्या वेगानं एक "ये" बाहेर पडलं. जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोहोचेल एवढं.

तेवढं पुरलं. फाटक वाजलं.